एक अंक बदलला की मूळ संख्या सापडतेच?

लातूरकडच्या शिकवण्यांमध्ये पोरांच्या वह्यांतून एक 'नियम' वर्षानुवर्षे फिरतोय: कोणतीही मूळ संख्या बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहा, तिच्यातल्या एखाद्या ० चा १ किंवा १ चा ० करा, कुठे ना कुठे दुसरी मूळ संख्या सापडतेच. हे खरं नाही.

गैरसमज टिकला, कारण पहिल्या तीसही मूळ संख्या त्याला साथ देतात. १३ म्हणजे ११०१. डावीकडचा १ काढला की ५. ११३ मधून ९७ निघते. एवढं पडताळल्यावर पोरगं थांबलं, तर त्याला दोष कसा द्यायचा?

पण एकतिसावी, १२७ घ्या. बायनरीत सलग सात एक. एका वेळी एकाचंच शून्य करा: १२६, १२५, १२३, ११९, १११, ९५, ६३. यातली एकही मूळ नाही! ११९ तर सतराच्या पाढ्यातच आहे. १११ फसवी दिसते, पण तिच्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो.

१७३ आणि १९१ यांचंही तेच. अशा संख्या विरळ अपवादही नाहीत. गणितज्ञ टेरेन्स टाओ यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेनुसार त्या अनंत आहेत, आणि एकूण मूळ संख्यांत त्यांचा वाटा शून्याकडे घसरत जात नाही.