रिकामा हॉल घुमतो का?

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घराचा हॉल रंगवायला काढला तेव्हा सोफा, शोकेस, पडदे, गाद्या, रद्दी सगळं आतल्या खोल्यांत गेलं, आणि रंग झाल्यावर तो पांढरा मोकळा हॉल बघून इतकं बरं वाटलं की म्हटलं आता यातलं निम्मं सामान परत आणायचंच नाही. पण दोनच दिवसांत कळलं की डोळ्यांना बरं वाटतंय तरी कान दमतायत. सासूबाईंना थोडं कमी ऐकू येतं, त्या टीव्हीचा आवाज वाढवायच्या आणि तरी म्हणायच्या, "अगं काय बोलतायत कळतच नाही, सगळं घुमतंय."

डोळ्यांचं आधी सांगते, कारण मिनिमलिस्ट, म्हणजे मोजक्याच सामानाच्या घराचा सगळा खेळ तिथूनच सुरू होतो. हात पूर्ण लांब करून अंगठा वर धरा, अंगठ्याच्या रुंदीएवढा जेमतेम भाग आपल्याला एका वेळी खरा स्पष्ट दिसतो, बाकीचं सगळं धूसर असतं, म्हणून डोळा सेकंदाला साधारण 3 उड्या मारत खोलीभर फिरत राहतो. एकाच वेळी बऱ्याच वस्तू नजरेत आल्या की मेंदूच्या दृष्टीच्या भागात त्यांची आपापसात चढाओढ लागते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या स्टेफनी मॅकमेन्स आणि सबीन कास्टनर यांनी 2011 मध्ये मेंदूचे स्कॅन घेऊन याचा अभ्यास केला. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की नजरेसमोरच्या आकृत्या एक गट म्हणून दिसत असतील तर ही चढाओढ मुळातच कमी होते आणि लक्ष देऊन ती आवरायचं कामही कमी उरतं.

म्हणजे वस्तू मोजून फेकायची गरज नाही! सासूबाईंची पितळेची भांडी, भांडी बाजारातून एकेक करत घेतलेली, ती मी माळ्यावर टाकायला निघाले होते. त्यांनी ती चिंचेने घासून एकाच फळीवर मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावली आणि ती फळी आता एक वस्तू दिसते, बारा नाही. आपल्या आज्या उतरंड रचायच्या, डबे ओळीत लावायच्या, जुन्या नाशकातल्या वाड्यांत भिंतीतच कोनाडे आणि फडताळं असायची, सगळं भिंतीच्या आत आणि जमीन मोकळी. इंटिरिअरवाले आज वेगळे पैसे घेऊन जे करून देतात ते हेच, असं माझं स्पष्ट मत आहे.

काढायचं काय हे ठरवणं अवघडच असतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1990 मधला प्रयोग आहे, निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि विकायचा तर किती घ्याल विचारलं, बाकीच्यांना विकत घ्यायला किती द्याल विचारलं, तर विकणाऱ्यांच्या आकड्यापेक्षा विकत घेणाऱ्यांचा आकडा जवळजवळ निम्माच आला. मग तोच, फक्त हातात आला की तो 'माझा' होतो. म्हणून आम्ही प्रश्न उलटा केला, ही वस्तू आज मेनरोडला दुकानात दिसली तर पैसे मोजून घेऊ का? शोकेस तशीच गेली.

आता आवाज. 1895 मध्ये हार्वर्डमध्ये एका नव्या लेक्चर हॉलमध्ये प्राध्यापकांचं बोलणं कळायचंच नाही, आवाज जवळजवळ साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सबीन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. रात्री सगळीकडे सामसूम झाली की तो शेजारच्या थिएटरमधून खुर्च्यांच्या गाद्या आणायचा, हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विझायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि मग सकाळच्या आत गाद्या परत. यातून त्याला नियम सापडला, खोली जेवढी मोठी तेवढा आवाज जास्त टिकतो आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू जेवढ्या जास्त तेवढा लवकर मरतो. शोषण तो उघड्या खिडकीच्या मापात मोजायचा, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

आमचा हॉल धरा 5 मीटर लांब, 4 रुंद, 3 उंच. टाइल्स आणि रंगवलेला गिलावा त्यांच्यावर आदळलेल्या आवाजातला शंभरातला दोन-तीन भागच खातात, बाकी परत फेकतात. सबीनच्या सूत्रात घातलं तर आवाज तीन सेकंदांहून जास्त टिकतो (दारंखिडक्या, माणसं यांमुळे प्रत्यक्षात थोडा कमी), आणि तेवढ्यात पुढचे आठ-दहा शब्द बोलून झालेले असतात, म्हणून शब्दांवर शब्द चढतात. पण चुणीदार जाड पडदा आणि कापसाच्या गादीची बैठक आली तर हिशोबाने तो सव्वा सेकंदाच्या आसपास येतो. पातळ चादर टांगून मात्र फार काही होत नाही, आवाजाची हवा कापसाच्या किंवा जाड कापडाच्या बारीक पोकळ्यांत शिरून घासली जाते आणि तिथे आवाजाच्या ऊर्जेची उष्णता होते, म्हणून जाडी लागतेच.

मध्येच एका रविवारी लेकीला घेऊन पांडवलेण्यांवर गेले. दगडातल्या खोल्या, झोपायला दगडी ओटे, बाकी काही नाही, इतकं कमी सामान मी कुठल्या मासिकात पाहिलेलं नाही. तिने टाळी वाजवली तर ती कितीतरी वेळ घुमली. तिथल्या 10 नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, त्याने जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, 2000 कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले आणि त्याच्या व्याजातून पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण, कशासाठी तर चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या कापडासाठी. सगळं सोडलेल्या माणसांनाही कापड लागायचंच, हे वाचून मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

घरी आल्यावर माळ्यावरची जुनी गादी उन्हात टाकली, पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणला, भारतीय बैठक घातली आणि पडदे नेहमीपेक्षा दुप्पट घेराचे शिवून घेतले. शोकेसची भिंत रिकामीच ठेवली आहे. परवा सासूबाई बैठकीवर बसून बातम्या ऐकत होत्या, रिमोट हातात होता आणि आवाजाचा आकडा 34 वरून 19 वर आलेला मी बघितला.