बडोद्यातील वारसाफेरी

बडोद्याच्या जुन्या शहरातून मांडवी ते कमाटीबाग असा पायी केला जाणारा फेरा. वाटेत दरवाजे, तलाव, वाडे आणि उघड्यावरची शिल्पे लागतात. पण या फेरीचे खरे धन भिंतींवरच्या चित्रांत आहे.

आरंभ मांडवीपासून करतात. चारही बाजूंनी कमानी असलेल्या या चौकोनी वास्तूपासून निघणारे चार रस्ते पाणीगेट, लेहरीपुरा, चांपानेर दरवाजा आणि गेंडीगेट या चार वेशींना जातात. १७३४ मध्ये शहर गायकवाडांच्या ताब्यात आले आणि गुजराती पोळांच्या, म्हणजे गल्लीभोवतीच्या जुन्या दाट वस्त्यांच्या, शेजारी मराठी वाडे उभे राहिले. लेहरीपुऱ्याबाहेर पडताच न्यायमंदिर (१८९६) दिसते. वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांच्या या इमारतीची मूळ योजना मंडईची होती. पुढे तिथे न्यायालय बसले. समोर सुरसागर. तलावाच्या मध्यभागी १११ फुटी शिवमूर्ती उभी आहे.

रावपुऱ्यातील तांबेकर वाडा घाईत उरकू नये. बडोदे संस्थानचे दिवाण भाऊ तांबेकर (दिवाणगिरी १८४९–५४) यांचा हा लाकडी बांधणीचा वाडा आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. बाहेरून तो साधा वाटतो. वरच्या मजल्यावर मात्र भिंती, दारे आणि छतसुद्धा चित्रांनी भरलेले: कृष्णलीला, महाभारतातील प्रसंग, मराठे आणि इंग्रजांची लढाई, युरोपीय पोशाखातील स्त्रिया. एकोणिसाव्या शतकातील मराठी सरदाराला आपल्या घरात काय काय पाहावेसे वाटत होते, हे इतक्या थेटपणे सांगणाऱ्या जागा फार थोड्या उरल्या आहेत. रंग जपायचे म्हणून आत उजेड कमी असतो, तेव्हा डोळे सरावेपर्यंत थांबावे.

विश्वामित्री नदीकडे जाताना कीर्तिमंदिर लागते. तिसऱ्या सयाजीरावांनी गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ ते बांधले (१९३६). शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड भारताचा नकाशा आहे. आतील चार भिंती शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात टप्प्याटप्प्याने रंगवल्या: गंगावतरण, मीरेचे जीवन, रवींद्रनाथांचे नाटक ‘नटीर पूजा’ आणि महाभारतयुद्ध. तांबेकर वाड्यात दर चौकटीत नवी गोष्ट सुरू होते, इथे एकच प्रसंग भिंतभर वाहतो. दोन्ही एकाच दिवशी पाहिली म्हणजे हा फरक ठळक जाणवतो. १९५० मध्ये सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली, तेव्हा शहरात चित्रे पाहण्याची ही सवय आधीच रुजलेली होती. तिथे पहिल्या पिढीत शिकवणारे ना. श्री. बेंद्रे इंदूरचे मराठी चित्रकार.

फेरी काळ्या घोड्यापाशी संपते. सयाजीरावांचा हा अश्वारूढ पुतळा इंग्रज शिल्पकार डर्वेंट वुड यांचा. बडोदेकरांच्या बोलण्यात पुतळ्यापेक्षा चौकच अधिक येतो: ‘काळ्या घोड्याला उतर’. पलीकडे १८७९ ची कमाटीबाग.