आधी माप, मग कटर : खाचेच्या खुंट्यांवर तार चढवताना

दुरुस्तीला येणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारींबद्दल आम्ही सगळ्यात जास्त ऐकतो ती तक्रार एकच : "तार सारखी उतरते." सोबत निदानही आलेलं असतं, खुंट्या गेल्यात, नवीन बसवा. गिटार जुन्या धाटणीच्या, माथ्यावर खाच असलेल्या खुंट्यांची असेल, तर आम्ही खुंट्यांकडे नंतर बघतो. आधी तारेचे वेढे बघतो. बहुतेक वेळा खुंटी ठणठणीत असते आणि तार चुकीची चढवलेली असते. नवा सेट विकण्याआधी ही पद्धत तुमच्या हातात बसावी, यासाठी हे पत्रक.

तुमची गिटार यातली आहे का?

खुंटीच्या ज्या दांड्याभोवती तार गुंडाळली जाते तो खांब. त्याच्याकडे वरून बघा. आजच्या बहुतेक गिटारींत खांबाला आडवं, आरपार भोक असतं. तुमच्या खांबाच्या माथ्यावर स्क्रूच्या डोक्यासारखी खाच असेल आणि खाचेच्या मधोमध सरळ खाली जाणारं भोक असेल, तर हे पत्रक तुमच्यासाठीच आहे. १९५४ साली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली तेव्हा तिच्यावर शिकागोच्या क्लुसन कंपनीच्या अशाच खुंट्या होत्या. फेंडरच्याच स्क्वायर ब्रँडच्या क्लासिक व्हाइब मालिकेत आजही याच धाटणीच्या खुंट्या येतात.

ही रचना आम्हाला मनापासून आवडते. तारेचं कापलेलं टोक खांबाच्या पोटात जातं. बाहेर सुईसारखं काही राहत नाही, बोटाला टोचत नाही, बॅगेच्या अस्तरात अडकत नाही. पण इथे नेहमीचा क्रम उलटा आहे. आरपार भोकाच्या खुंटीवर आपण तार ओवतो, ताणतो आणि उरलेली शेवटी कापतो. इथे तार आधी कापावी लागते. आखूड कापली गेली तर ती तार वाया.

जुनी तार काढताना

सहाही तारा एकदम उतरवू नका. स्ट्रॅटच्या पाठीमागच्या स्प्रिंगांनी एका बाजूने ओढायचं आणि तारांनी दुसऱ्या बाजूने, या रस्सीखेचीवर ब्रिज, म्हणजे तारांची खालची टोकं बसतात तो भाग, तोललेला असतो. एक काढा, एक चढवा. ताणलेल्या तारेला कटर लावू नका. आधी खुंटी फिरवून ती पार ढिली करा, टोक नोज प्लायरने वर उपसा, आणि त्या टोकाचा वाकडा भाग कापून मगच तार ब्रिजमधून मागे ओढा. नाहीतर तो आकडा वाटेत ओरखडे काढतो. खांबाच्या भोकात जुन्या तारेचा तुकडा मोडून राहिलाय का, तेही बॅटरीच्या उजेडात बघून घ्या. तळाशी तुकडा असेल तर नवं टोक पूर्ण आत बसत नाही.

माप

खांबाची जाडी साधारण ६ मिलिमीटर, म्हणजे एका वेढ्याला जवळपास १९ मिलिमीटर तार लागते. चौथ्या, पाचव्या, सहाव्या या जाड तारांना अडीच वेढे पुरतात, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर. एका रांगेत सहा खुंट्या असलेल्या हेडवर दोन खुंट्यांमधलं अंतर साधारण अडीच सेंटिमीटर असतं. म्हणून सोपा हिशोब असा : तार तिच्या स्वतःच्या खुंटीवरून सरळ ताणून धरायची आणि पुढच्या दोन खुंट्या ओलांडल्या की तिथे खूण करायची.

खुणेवर तार काटकोनात मोडा आणि मोडाच्या पुढे एक सेंटिमीटर सोडून कापा. जाड तारेच्या बाबतीत हा क्रम कधीही बदलू नका. तिच्या आत पोलादी गाभा असतो आणि त्यावर बारीक तारेचं वेष्टण. मोड न घालता कापली तर काही तारांचं वेष्टण गाभ्यावर सैल सुटतं आणि कोरी तार पहिल्या दिवसापासून मेल्यासारखी वाजते.

पहिल्या तीन बारीक तारांना साडेतीन वेढे हवेत, म्हणजे साडेसहा सेंटिमीटर. पहिलीच्या पुढे खुंटीच नसते, दुसरीच्या पुढे एकच, त्यामुळे तिथे अंदाज न करता पट्टी घ्या. या पत्रकाच्या कडेला पेनाने साडेसहाची खूण करून ठेवली तरी काम भागेल.

वेढे

टोक भोकात तळाला टेकेपर्यंत घाला, मोड खाचेत दाबून बसवा. तार खांबाच्या आतल्या बाजूने, म्हणजे बटणांच्या विरुद्ध अंगाने, यायला हवी. एका हाताने ती नटजवळ (मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीजवळ) किंचित ताणून धरा आणि दुसऱ्या हाताने खुंटी फिरवा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली. माग असलेल्या घरात कांडी भरताना पाहिली असेल, तर हात कसा चालवायचा ते सांगायला नको. सूत एकावर एक चढलं की कांडी मागावर दगा देते. तार वेढ्यांवर चढली की वाजवताना ती आत सरकत राहते आणि सूर उतरतो. आमच्याकडे आलेल्या एका गिटारीच्या पहिल्या तारेला नऊ वेढे होते, गुंता झालेले. खुंट्या बदलायचा सल्ला त्या मुलाला आधीच मिळाला होता. आम्ही तीच तार उतरवली, जास्तीची कापली, साडेतीन वेढ्यांत बसवली. खुंट्या अजून त्याच आहेत.

तिसऱ्या तारेकडे जास्त लक्ष द्या. पहिल्या दोन तारांना हेडवर दाबून धरणारी पट्टी असते. तिसरीला ती अनेकदा नसते. वेढे कमी पडले की तार खांबाच्या वरच्या अंगालाच राहते, नटवर तिचा दाब पडत नाही आणि मोकळी छेडली की झणझणते. सतारीला जी जवारी आपण मुद्दाम काढून घेतो, ती इथे नको असते. या तारेला चौथा वेढा दिला तरी चालेल.

सुरात लावताना

खुंटीच्या दात्यांत थोडा ढिलेपणा असतो. म्हणून सूर नेहमी खालून वर चढवत लावा. पुढे गेलात तर बराच खाली येऊन पुन्हा वर या. मग बाराव्या फ्रेटजवळ तार बोटाने हलकेच उचलून ताणा आणि परत लावा. तीन-चार वेळा केलं की ती थाऱ्यावर येते. नटच्या खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासलं तर तार अडकत नाही.

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हात तापलेली तार पसरते आणि सूर उतरतो. कार्यक्रमाला दुचाकीवरून गिटार नेली असेल, तर पोचल्यावर अर्धा तास सावलीत ठेवा, मगच ट्यूनर लावा. वाजवून झाल्यावर घामाचे हात लागलेल्या तारा पुसून ठेवा. त्यासाठी आपल्याकडचा टॉवेल वापरू नका, त्याचे फासे ब्रिजच्या स्क्रूंत अडकतात. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती चादरीचा तुकडा उत्तम.

आमच्याकडे कधी आणावी

९ ते ४२ च्या सेटवरून १० ते ४६ वर (हे आकडे सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), म्हणजे जाड तारांवर, जात असाल तर गिटार घेऊनच या. ताण वाढतो, ब्रिज पुढे उचलला जातो, आणि स्प्रिंग व नट दोन्ही तपासावे लागतात. खांबाभोवतीची चकती हेडमधून वर आली असेल किंवा खुंटी फिरवताना मध्येच मोकळी फिरत असेल, तर तो दोष खरोखर खुंटीचा आहे. नुसती जड फिरत असेल आणि मागच्या झाकणाला बारीक भोक असेल, तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घालून बघा.

पहिल्यांदा स्वतः करणार असाल तर काढलेली जुनी तार टाकू नका. तिच्यावरच मोड घालायचा, कापायचा आणि खाचेत बसवायचा सराव करा. पहिली तार सुटीही मिळते. सेटबरोबर एक जादा मागून घ्या.