फ्रेमच्या दुकानातून भिंतीवर

मराठी घरात चित्र आलं ते छापून. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती देव्हाऱ्यापर्यंत पोचल्या. पुढे दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं दिवाळी अंकांतून आली. रंगरेषेची गोडी आपल्याला त्यातूनच लागली, हे विसरून चालणार नाही. पण चित्रकाराच्या हातचं, एकच एक असलेलं चित्र विकत घ्यायची सवय मुंबईला वेगळ्या वाटेनं लागली.

मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय १८५७ पासून चित्रकार घडवत होतं, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून प्रदर्शनं भरवत होती. गिऱ्हाईक मात्र बहुतेक साहेब, संस्थानिक नाहीतर शेटजी. १९४१ मध्ये केकू गांधी यांनी ‘केमोल्ड’ हा फ्रेमचा धंदा सुरू केला. फ्रेम बघायला आलेल्यांना दुकानात तरुण चित्रकारांचं काम दिसू लागलं. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुप या चित्रकार-शिल्पकारांच्या गटातले सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे तेव्हा कुणाला ठाऊक होते? आरा तर घरगडी म्हणून राबलेले. त्यांच्यामागे उभे राहिले ते युरोप सोडून मुंबईत आलेले तिघे: चित्रकार लँगहॅमर, समीक्षक फॉन लायडन आणि औषधांच्या धंद्यातले श्लेसिंगर. श्लेसिंगर नुसती वाहवा करून थांबले नाहीत, त्यांनी चित्रं विकत घेतली. माझ्या मते कलाबाजाराचा खरा पाया तो. शास्त्रज्ञ होमी भाभांनीही टीआयएफआर या आपल्या संशोधन संस्थेसाठी अशीच पारखून चित्रं घेतली.

१९५२ मध्ये काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी उघडली, १९६३ मध्ये तिच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड. त्याच वर्षी पंडोल गॅलरीही आली. लिलावांचे आकडे फार नंतरचे. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं चित्र २०१३ मध्ये मुंबईतल्याच लिलावात २३.७ कोटींना गेलं. तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

जहांगीरमध्ये मात्र व्यवहार अजून समोरासमोर होतो. कुणीतरी एका चित्राशी थबकतं, मागे सरून बघतं, सगळं दालन फिरून पुन्हा तिथेच येतं. चित्रकार खुर्चीवरून उठत नाही, पण त्याचं लक्ष असतं. मग हळूच प्रश्न येतो, “दोन हप्त्यांत दिले तर चालतील?” आणि चित्राखालच्या चिठ्ठीवर लाल टिकली चिकटते.