परवानाधारक वारल्यावर घरातल्या बंदुकीचं काय करायचं?

वडील गेले, सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली. बंदूक मात्र दाराच्या वर खुंटीला तशीच. कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या अशा ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या बंदुका बऱ्याच घरांत सापडतील. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. तो वारला की बंदूक घरात ठेवणं बेकायदा ठरतं.

म्हणून अर्ज नंतर, आधी जमा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे ती जमा करावी लागते. न करणं हाच गुन्हा. बंदूक उचलून थेट एसटीत बसू नका. ठाण्याला फोन करा, भरलेली आहे की नाही हेही स्वतः तपासायला जाऊ नका. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, प्रकार आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. पुढे सगळं त्या कागदावरच अडतं. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही, तर बंदूक सरकारजमा होऊ शकते.

मग घरात बसून बोला. बंदूक खरंच हवी आहे का? कोण वापरणार? घरात दारू पिणारं, डोकं लवकर फिरणारं कुणी आहे का? बायकांना विचारा, त्यांना ते आधी ठाऊक असतं. बांधावरून भावकीत वाद धुमसत असेल तर तो आधी तंटामुक्ती समितीपुढे न्या, कारण चौकशीला आलेले पोलीस शेजाऱ्यांनाही विचारतात. बंदूक नको असेल तर परवानगी घेऊन परवानाधारकाला विकता येते.

हवी असेल, तर वारस २१ वर्षांचा हवा. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यावरही ५ वर्षं परवाना मिळत नाही. अर्ज नमुना ए-१ मध्ये, जिल्हाधिकाऱ्यांकडे; आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे. सोबत मृत्यू दाखला, मूळ परवाना, जमा पावती, वारस असल्याचा पुरावा, इतर वारसांचं नाहरकत प्रतिज्ञापत्र, ओळख आणि रहिवासाचे पुरावे, फोटो आणि शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागेल का, ते अर्ज देता त्या कार्यालयात विचारून घ्या. बहुतेक अर्ज रखडतात ते नाहरकतीपाशी. मुंबईतल्या भावाची सही गणपतीतच घेऊन ठेवलेली बरी.

नियमांप्रमाणे पोलीस अहवाल ३० दिवसांत आणि तो आल्यावर ६० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. नकार आला तर लेखी कारण मागा, अपील करता येतं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाची धरून. त्याच दुरुस्तीने लग्नात किंवा देवळापुढे हौसेखातर बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद केली. वडील हयात असून सत्तरी गाठलेले असतील, किंवा बंदूक त्यांच्याकडे २५ वर्षं असेल, तर वारसाचं नाव ते आताच सुचवू शकतात.