सेन्सेक्सच्या छेदात दडलेला आकडा

'सेन्सेक्स ५०० अंकांनी कोसळला' असा मथळा दिसला की आधी विचारावं, कितीवरून? जुलै १९९० मध्ये सेन्सेक्स पहिल्यांदा हजारावर गेला. तेव्हा ५०० अंक जाणं म्हणजे बाजार निम्म्यावर येणं. तोच ८०,००० वर असताना ५०० अंक म्हणजे जेमतेम ०.६ टक्के. मथळा मात्र दोन्ही वेळा तेवढ्याच जाड टाइपात!

मुळात अंक म्हणजे रुपये नव्हेत. सेन्सेक्स हे गुणोत्तर आहे. मुंबई शेअर बाजारातल्या निवडक ३० कंपन्यांचं बाजारमूल्य वर, अंशात. खाली एक छेद. १९७८-७९ सालची पातळी १०० मानून हा छेद ठरवला गेला. सेन्सेक्स प्रत्यक्ष सुरू व्हायला मात्र १९८६ उजाडलं.

बाजारमूल्य म्हणजे शेअरचा भाव गुणिले शेअरची संख्या. २००३ पासून त्यात सगळे शेअर धरत नाहीत. प्रवर्तकांकडचे (म्हणजे कंपनी उभी करून चालवणाऱ्यांकडचे) किंवा सरकारकडचे शेअर सहसा विकायला येत नाहीत; ते वगळून बाजारात फिरणारेच मोजतात.

खरी गंमत छेदात आहे, आणि त्याच्याबद्दल बातम्यांत कुणी अवाक्षर काढत नाही. तीनच कंपन्यांचा एक निर्देशांक कल्पून बघा. त्यांची मूल्यं ६००, ३०० आणि १०० कोटी, बेरीज १,०००. छेद १० घेतला की निर्देशांक १००. आता १०० कोटीवाली काढून तिच्या जागी ४०० कोटींची कंपनी घेतली. बेरीज झाली १,३००. छेद तोच ठेवला तर निर्देशांक १३० होईल, तेही एकाही शेअरचा भाव पैशानेही हललेला नसताना! म्हणून त्याच क्षणी छेद १३ करतात. निर्देशांक पुन्हा १००.

जानेवारी २००९ मध्ये सत्यम या आयटी कंपनीचा घोटाळा उघड झाला, शेअर गडगडला आणि कंपनी सेन्सेक्समधून बाहेर गेली. जागा घेतली सन फार्माने. जाण्याआधी सत्यमने जे पाडलं ते सेन्सेक्सच्या हिशेबात कायम राहिलं. अदलाबदलीचा धक्का तेवढा छेदाने पचवला.

तीन कंपन्यांच्या त्या उदाहरणात, छेद १३ असताना, ६०० कोटींची कंपनी ५ टक्के चढली तर निर्देशांक सुमारे २.३ अंकांनी वर जातो, ३०० कोटींची तितकीच चढली तर निम्म्यानेच. म्हणजे मोजक्या बड्या कंपन्या वर गेल्या आणि बाकीच्या थोड्याथोड्या घसरल्या, तरी 'बाजार तेजीत' म्हणायला मोकळे. लाभांशही यात येत नाही. तो धरून काढलेला निर्देशांक वेगळा असतो, पण त्याला कोण विचारतो?

हिशेबातली ढिलाई किती महागात पडते ते कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने दाखवलं. तिथला निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १,००० वर सुरू झाला. दिवसातून हजारो वेळा नवा आकडा काढताना संगणक दशांशाच्या तीन स्थळांनंतरचं सगळं कापून टाकायचा. जवळच्या आकड्याला पूर्ण करणं नाही, सरळ कात्री. दर वेळी जायचा तो हजारांशाचाही तुकडा, पण जायचा नेहमी खालच्याच बाजूला. बाजार बरा चालला असताना निर्देशांक झिजत गेला. नोव्हेंबर १९८३ मधल्या एका शुक्रवारी तो ५२४.८११ वर बंद झाला. शनिवार-रविवारच्या सुट्टीत चूक दुरुस्त झाली, आणि सोमवारी फळ्यावर आकडा आला १०९८.८९२.