झिरो डेप आहे, मग इंजिनचे पैसे का नाही?

पावसाळ्यात वर्कशॉपच्या काउंटरवर हा वाद हमखास ऐकू येतो. गाडी टो करून आणलेली, इंजिन खोललेलं, एस्टिमेट लाखाच्या पुढे गेलेलं आणि मालक पॉलिसीचा कागद पुढे करून विचारतोय, "झिरो डेप घेतलंय ना मी? मग इंजिनचे पैसे का नाही?" विमा कंपनीतर्फे नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर म्हणतो, झिरो डेपचा इथे संबंधच नाही. मालकाला ही कंपनीची पळवाट वाटते. विमा कंपन्या पळवाटा काढतच नाहीत असं कुणी म्हणणार नाही, पण या एका वादात सर्व्हेअरचं बरोबर असतं.

झिरो डेप (झिरो डेप्रिसिएशन) आणि इंजिन प्रोटेक्ट ही मूळ पॉलिसीला वेगळी जोडायची दोन कव्हरं. क्लेम आला की कंपनी दोन गोष्टी एकापाठोपाठ एक बघते. हा पार्ट ज्या कारणाने गेला ते कारण पॉलिसीत बसतं का, ही पहिली. बसत असेल तर पार्ट वापरलेला होता म्हणून किती कापायचं, ही दुसरी. झिरो डेप फक्त ही दुसरी कपात, म्हणजे घसारा, थांबवतं. इंजिन प्रोटेक्ट पहिल्या गोष्टीत बदल करतं. एरवी जे नुकसान बाहेर ठेवलं जातं ते आत घेतं. पार्ट पहिल्याच पायरीवर बाद झाला तर झिरो डेपची पाळी येतच नाही.

आधी कपातीचं गणित बघू, कारण झिरो डेपची खरी किंमत तिथेच कळते. साध्या पॅकेज पॉलिसीत (स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि थर्ड पार्टी दोन्ही धरणारी) प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर सरसकट ५० टक्के घसारा लागतो, गाडी नवीकोरी असली तरी. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर काहीच नाही. पत्र्याच्या पार्टचा घसारा गाडीच्या वयावर ठरतो: पहिले सहा महिने शून्य, मग वर्षाच्या आत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५०. पेंटिंगचं बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग मटेरियलचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. मजुरीला घसारा नाही.

समजा, साडेतीन वर्षांची हॅचबॅक समोरून ठोकली. बंपर १२,००० रुपये, पत्र्याचं फेंडर ६,०००, पुढची काच ९,०००, पेंटिंग ८,०००, मजुरी ५,०००. एकूण ४०,०००. बंपरचे ६,०००, फेंडरचे १,५०० आणि पेंटचे १,००० मिळून ८,५०० घसाऱ्यात गेले. त्यावर सक्तीचा डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला मालकाने स्वतः भरायची रक्कम, १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये. म्हणजे जीएसटीचा हिशेब बाजूला ठेवला तरी खिशातून ९,५००. झिरो डेप असतं तर फक्त १,०००. आजकालच्या गाडीत बंपर, ग्रिल, हेडलॅम्प, आरसे सगळं प्लॅस्टिकचंच असतं, त्यामुळे शहरातल्या ठोकाठोकीत हे कव्हर पैसे वसूल करून देतं. एजंट त्याला 'बंपर टू बंपर' म्हणून विकतात आणि घेणाऱ्याला वाटतं, दोन बंपरांच्या मधलं सगळं आलं.

आता इंजिन. पॅकेज पॉलिसीत पूर, वादळ, गारपीट, दरड सगळं धरलेलं असतं. मग पुराच्या पाण्याने गेलेलं इंजिन बाहेर का? कारण त्याच पॉलिसीत मेकॅनिकल बिघाड आणि परिणामी होणारं नुकसान वगळलेलं असतं. अंधेरी सबवेत पाणी साचलंय, पुढची गाडी निघाली म्हणून आपणही घातली. बोनेटपर्यंत लाट आली, एअर इनटेकमधून पाणी एअर फिल्टर ओलांडून सिलिंडरमध्ये गेलं. पिस्टन वर येतो तो हवा दाबायला; पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडतो, क्रँक मात्र फिरत राहू पाहतो आणि मधल्या मध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. बऱ्याचदा गाडी नुसती बंद पडलेली असते आणि घात होतो तो पुन्हा सेल्फ मारल्यावर. कंपनीचं म्हणणं असं की पाणी गाडीत शिरणं ही पुराची घटना, पण पाणी असताना इंजिन फिरवल्याने रॉड वाकणं हा त्यानंतरचा परिणाम, आणि तो पॉलिसीबाहेर.

हे सर्व्हेअरला कुणी सांगावं लागत नाही. तो एअर फिल्टर काढून ओल बघतो, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ झालंय का बघतो, मग हेड उघडायला लावतो. उभ्या गाडीत पाणी शिरून ऑइल खराब होईल, वायरिंग जाईल, गंज धरेल. रॉड वाकणार नाही. रॉड वाकलेला दिसला की इंजिन फिरत होतं हे सिद्धच झालं. "मी स्टार्ट केलीच नाही" हे वाक्य तिथे टिकत नाही.

दुसरा प्रसंग पाण्याचा नाहीच. घाटात दगड लागून किंवा खड्ड्यात आपटून ऑइल चेंबर फुटतो. चेंबरचे पैसे साध्या पॉलिसीतही मिळतात, तो सरळ अपघात आहे. पण ऑइलचा दिवा लागलेला असताना "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणत गाडी रेटली आणि इंजिन सीज झालं, तर ते पुन्हा परिणामी नुकसान. झिरो डेपवाला इथे चेंबरचे पूर्ण पैसे घेतो आणि इंजिनचं बिल स्वतः भरतो.

इंजिन प्रोटेक्ट हे दोन्ही प्रसंग आत घेतं, मात्र डोळे मिटून नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्ट करून पाहिली, किंवा कळवायला उगाच उशीर लावला, तर या कव्हरखालीही क्लेम अडतो. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली की किल्लीला हात लावायचा नाही. पाणी कुठपर्यंत आहे ते दिसेल असा फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी टो करूनच न्या. शिवाय कित्येक पॉलिसींत इंजिन प्रोटेक्टखाली मिळणाऱ्या रकमेतूनही घसारा कापतात, सोबत झिरो डेप नसेल तर. तेव्हा एक घेतलं म्हणून दुसरं सोडावं, असं यांचं नातं नाही. आणि ऑइल, कूलंट, नट-बोल्ट या दोन्हींत सहसा नसतात. त्यांचं 'कन्झ्युमेबल्स' म्हणून तिसरंच कव्हर असतं. किती तुकडे पाडावेत याला काही सीमा नाही.

चिपळूणला २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा गाड्या दारात उभ्या होत्या तशा बुडाल्या. उभ्या गाडीचं असं नुकसान साध्या पॅकेज पॉलिसीतच बसतं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात आणि आयडीव्ही हातात ठेवतात. तीन ते चार वर्षांच्या गाडीची आयडीव्ही गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या किमतीतून ४० टक्के घसारा काढून ठरलेली असते आणि झिरो डेप तो घसारा भरून देत नाही. झिरो डेपवाल्यांचा दुसरा मोठा भ्रमनिरास इथे होतो. ज्यांच्याकडे नुसतं थर्ड पार्टी असतं त्यांना तर अशा वेळी एक रुपयाही मिळत नाही. कायद्याने सक्तीचं तेवढंच असलं तरी ते दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतं.

मग घ्यावं कुणी काय? गाडी पाच वर्षांच्या आतली आणि रोज ट्रॅफिकमध्ये, तर झिरो डेप घ्याच. पण ओरखड्यासाठी वापरू नका. बऱ्याच पॉलिसींत झिरो डेपखाली वर्षाला दोनच क्लेम असतात, आणि एका क्लेमने ५० टक्क्यांवर पोचलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सवलत, शून्यावर येतो. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) मूळ प्रीमियम १२,००० असेल तर ६,०००ची सवलत एखाद्या ४,०००च्या बंपरपायी गेली. इंजिन प्रोटेक्टचा निर्णय गाडीपेक्षा रस्त्यावर सोडावा. मुंबईत हिंदमाता, मिलन सबवे, पुण्यात सिंहगड रोडची नदीकाठची बाजू, कोल्हापूर-सांगलीचा पंचगंगा-कृष्णाकाठ, तळघरातलं पार्किंग, यातलं काही रोजच्या वाटेवर असेल तर झिरो डेपच्या आधी हे घ्यावं असं माझं मत. गाडी इलेक्ट्रिक असेल तर मात्र एजंटला थांबवा; तिथे विचारायचं ते बॅटरी आणि मोटरच्या कव्हरचं.

ही कव्हरं सहसा नवी पॉलिसी घेताना किंवा रिन्यूअललाच जोडता येतात. आकाश भरून आल्यावर फोन करून उपयोग नाही. रिन्यूअल ऑक्टोबरमध्ये येणार असेल तर हा पावसाळा आहे त्या पॉलिसीवरच काढायचाय, हे धरून सबवेत घालायची की नाही ते ठरवा.